तीन सेकंदांनंतर कण कुठे जातो?

दुपारी जेवून आडवी झाले, की मला अजून तो कण दिसतो. धड झोपही नसते, धड जागही नसते, अशा वेळी. लांबच लांब पांढरी रेघ, तिची दोन्ही टोकं धुरकट, आणि तिच्यावरून तो आपला निवांत चाललेला. त्याला तोंड नाही, पाठ नाही, घरदार नाही. मी झोपेतच विचारते, "कुठे निघालास रे?" तर बाजूच्या खाटेवरून आमचे हे म्हणतात, "कुठे जातोय बाई, इथेच आहे मी."

मी गणिताची मास्तरीण. माहेर जळगाव, सासर धुळे आणि सगळी नोकरी शिंदखेड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा मी त्यांना सरळ म्हटलं, अहो, वकिलाकडे खून येतात, डॉक्टरकडे साप चावलेली माणसं येतात, माझ्याकडे आयुष्यभर एकच गिऱ्हाईक आलं, तो कण. ते म्हणाले, मग त्याच्यावर लिहा. आता भोगा आपल्या कर्माची फळं.

बारावीच्या पुस्तकात एक ठरलेला प्रश्न असतो. एक कण सरळ रेषेवर चाललाय. त्याच्या वेगाचं सूत्र दिलेलं असतं. सूत्रात वेळ घातली की त्या क्षणाचा वेग मिळतो. विचारलेलं असतं एवढंच, की कण कोणत्या वेळात उजवीकडे जातो आणि कोणत्या वेळात डावीकडे. वेग अधिक आला तर उजवीकडे, उणे आला तर डावीकडे. इतकं सोपं. पण सोप्या गोष्टीत आमची पोरं जशी आपटायची तशी अवघड गोष्टीत कधी आपटली नाहीत.

पहिली आपटण्याची जागा म्हणजे, कण कुठे आहे आणि कण कुठे चाललाय, यात घोळ. कण उजव्या बाजूला दिसला रे दिसला, की म्हणायचं उजवीकडे चालला. मग मी बस आणायची वर्गात. माहेर-सासर करून करून तो रस्ता माझ्या हाडामासात भिनलाय. समजा, पारोळं म्हणजे शून्य. जळगाव उजवीकडे, धुळे डावीकडे. आता बस एरंडोलला उभी आहे, म्हणजे शून्याच्या उजवीकडे. पण तिच्या कपाळावर बोर्ड धुळ्याचा आहे. "मग तुम्ही बस कुठे उभी आहे ते बघून चढता का बोर्ड वाचून चढता?" पोरं ओरडायची, "बोर्ड!" वेगाचं चिन्ह म्हणजे बसचा बोर्ड. एवढं झालं की मी फळ्याकडे वळायची आणि अहिराणीत विचारायची, "मंग सांगा, कण कोठे जाई ऱ्हायना?" वर्ग हसायचा. गणिताची बाई घरची भाषा बोलली की पोरांना फार बरं वाटायचं, आणि खरं सांगते, मलाही वाटायचं.

आमच्या वर्गाच्या खिडक्या जिनिंग कारखान्याच्या अंगाला होत्या. कापसाच्या हंगामात दुपारच्या तासाला बारीक तंतू तरंगत आत यायचे. उन्हाच्या पट्ट्यात आले की दिसायचे, पट्ट्याबाहेर गेले की नाहीसे व्हायचे. एखादा तंतू फळ्यासमोर येऊन थांबायचा, अगदी अधांतरी, आणि चाळीस डोकी त्याच्याकडे बघत बसायची. मी खडू हातात धरून बोलायची थांबायची. आता हा वर जाईल का खाली, पुढे येईल का माघारी, काही सांगता यायचं नाही. त्या दुपारी मला फार आवडायच्या. घंटा होऊच नये असं वाटायचं.

दुसरी आपटण्याची जागा खास आमच्याच वर्गाची. ती समजायला खो-खो माहीत हवा. आमच्या कॉलेजचा खो-खो जोरात. मुलींचा संघ तर असा, की बाहेरगावचे संघ आमच्या मैदानावर पाय ठेवायला कचरायचे. खो-खोत मधल्या पाटीवरच्या आठ चौकोनांत आठ जणी बसतात आणि तोंडं एकाआड एक उलटी करतात. एकीचं इकडे, दुसरीचं तिकडे. दोघी शेजारणी एकाच बाजूला तोंड करून बसल्या की पंच शिट्टी मारणार. हे त्या पोरींच्या रक्तात भिनलेलं. आणि गणितात काय करायचं असतं? वेग कुठे शून्य होतो ते काढायचं, त्या शून्यांनी वेळेचे तुकडे पाडायचे, मग प्रत्येक तुकड्यातला एकेक आकडा सूत्रात घालून चिन्ह तपासायचं. ह्या बायांनी काय करावं? पहिल्या तुकड्याचं चिन्ह काढायचं आणि पुढची चिन्हं खो-खोसारखी बसवून टाकायची. अधिक, उणे, अधिक, उणे. तपासायचं नावच नको! बहुतेक वेळा उत्तर बरोबर यायचं, हीच तर पंचाईत.

मंजू ह्या टोळीची म्होरकी. शिंदखेड्यातल्या मारवाड्याची पोर, वडिलांचं भुसार दुकान. काटकुळी, सावळी, वेणी कायम कंबरेला खोचलेली. ती उठून पळायला लागली की समोरची पोर आधीच रडकुंडीला यायची. गणितात हुशार होती, पण उतावीळ. मी तिला म्हणायची, "मंजू, तू गणित सोडवत नाहीस, तू त्याला खो देतेस."

त्या दिवशी ती फळ्यापाशी होती. वेगाचं सूत्र दिलेलं: टीचा घन, उणे सहा टी वर्ग, अधिक नऊ टी. तिने झटकन अवयव पाडले. टी, गुणिले टी-उणे-तीनचा वर्ग. म्हणजे सुरुवातीला वेग शून्य आणि तीन सेकंदांनी पुन्हा शून्य. तीनच्या आधीचा तुकडा आणि तीनच्या नंतरचा तुकडा. आधीच्या तुकड्यातला एक हा आकडा घेतला, सूत्रात घातला, चार आले. अधिक. "उजवीकडे," तिने लिहिलं. मग दुसऱ्या तुकड्यासमोर तपासल्याशिवायच उणेची आडवी रेघ ओढायला खडू टेकवला.

"हात खाली कर," मी म्हणाले. "तपासलंस का?"

"मॅडम, थांबला ना तो तीनवर. मग वळेलच ना."

"कोणी सांगितलं तुला? आपली बस पारोळ्याला थांबते, मग काय जळगावला परत जाते का? चार घालून बघ. तीनच्या पुढचा आकडा घाल आणि बघ."

तिने फळ्यावर चार लिहिला. तेवढ्यात दारात आमचे शिपाई भिकाआबा येऊन उभे राहिले. "मॅडम, मंजूले घर बलायेल शे. पाव्हना उनात."

मी चिडले. म्हटलं, "आबा, गणित अर्धं आहे तिचं."

आबा म्हातारे, मायाळू. ते हसून म्हणाले, "पाव्हना बशी ऱ्हायनात मॅडम. गनित कोठे पळी जास?"

मंजूने खडू खाली ठेवला, हात झटकले आणि गेली. पाहुणे म्हणजे धुळ्याचे कापडवाले, मुलगा आणि मुलाचे वडील. पसंती तिथल्या तिथे झाली, लग्न परीक्षेच्या आधीच उरकलं. फळ्यावरचं गणित पुढच्या तासाच्या इतिहासाच्या सरांनी पुसलं. मुलींच्या बाबतीत हे नेहमीचंच होतं, त्यामुळे मी फार वेळ दुःख केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण खो-खोचा संघ त्या वर्षी हरला, आणि पुढे कित्येक वर्षं हे गणित शिकवताना दुसऱ्या तुकड्याशी आले की माझी नजर दाराकडे जायची.

मी रिटायर होऊन धुळ्यातच स्थिरावले. एके दिवशी बेल वाजली. दारात डोक्यावर पदर घेतलेली, अंगाने भरलेली बाई. पाया पडली. मी ओळखलं नाही. तिने हसत पदराखालून वेणी पुढे ओढली आणि कंबरेला खोचल्यासारखं केलं. "अगं, मंजू!" मी ओरडलेच.

चहा झाला, मुलाबाळांचं झालं. मुलगी शिकायला बाहेरगावी, मुलगा दुकानात बसायला लागलेला. मग म्हणाली, "मॅडम, मला बारावीला बाहेरून बसायचंय. सतरा नंबरचा फॉर्म भरतेय."

झालं होतं असं. तिच्या घराजवळ मुलींची एक शाळा आहे. मंदिरातून येता-जाता ही मैदानाच्या कडेला उभी राहून पोरींचा खो-खो बघायची. एक दिवस राहवेना, कडेवरून ओरडलीच, "अगं ए, दिशा फाऊल झाला तुझा! खांदा वळला!" पोरी हसल्या. मग दुसऱ्या दिवशी तिने आत जाऊन त्यांना खांदा कसा धरायचा ते दाखवलं. पोरी तिच्या मागेच लागल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आम्हाला मार्गदर्शक हवीच आहे, तुम्हीच या की. फक्त बारावी पास हवं, संस्थेचा नियम आहे. जूनपर्यंत निकाल आणून दाखवा.

"मॅडम, मी किती वर्षांत पळाले नव्हते," मंजू म्हणाली. तिचे डोळे भरले. "त्या दिवशी पळाले तर वाटलं, अरे, पाय आहेत की मला."

मला भरून आलं, पण मी गणितवाली, आधी हिशेबाचं बोलले. "आर्ट्सचे विषय घे. सोपे सोपे घे. सुटशील पटकन."

"घेतलेत. आणि एक गणित घेतलंय."

"डोकं फिरलं का तुझं? पास होणं महत्त्वाचं आहे का मिरवणं? गणितात अडकलीस तर ती शाळा गेली हातची!"

ती चहाच्या कपाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "मॅडम, मी फळ्यावर चार लिहून गेले होते. पुढे काय आलं असतं, ते मला माहीतच नाही. घरात कोणी मला 'कुठे चाललीस' विचारलं ना, की मला तो चार दिसतो."

मी म्हटलं, "ये उद्यापासून. दुपारी ये. आणि ते गणित आत्ताच करून टाक, मोकळी हो."

"नाही," ती म्हणाली. "ते पास झाल्यावर. तोवर नाही करायचं."

लोक सप्तशृंगीला नवस बोलतात, हिने बोर्डाच्या पुस्तकातल्या गणिताला बोलला! मी खूप चिडवलं तिला. पण ती ऐकली नाही, आणि पुस्तकात तो प्रश्न आला की ती खरोखर त्यावर हात ठेवून पान उलटायची.

तिचे सासरे, त्यांना सगळे बाबूजी म्हणतात, मला मंदिराच्या पायरीवर भेटले. सज्जन गृहस्थ, पांढरं धोतर, गोड बोलणं. "मॅडम, बहूला घरात काय कमी आहे? या वयात पोरीसोरींबरोबर पळायचं, परीक्षेला बसायचं. लोक हसतात."

"हसू द्या की बाबूजी. हसायला काय लागतं?"

"एकदा बसू दे, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण एकदाच."

मंजू रोज दुपारी यायची. बाहेर रस्ता ओस, घरात पंख्याची घरघर, आमचे हे घोरत पडलेले, आणि आम्ही दोघी खाली सतरंजीवर. किती वर्षांनी मला पुन्हा दुपारचा तास मिळाला होता. कधी कधी तर मला वाटायचं, खिडकीतून कापसाचा तंतू आता येईलच आत. धुळ्याच्या आमच्या गल्लीत कुठला यायला? पण मी मान वर करून बघायची हे खरं.

तिची जुनी खोड मात्र तशीच होती. तपासायचं म्हटलं की अंगावर काटा. शेवटी एका संध्याकाळी मी तिला त्या शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. म्हटलं, "आज तू कण. सूत्र मी सांगते, सेकंद मी टाळीने मोजते. उजवा खांब तो, डावा खांब तो." दुसरंच एक सूत्र घेतलं, पण असंच मध्ये शून्य होऊन पुन्हा अधिक होणारं. ती चालायला लागली. शून्याशी आली, थांबली, आणि सवयीने मागे फिरायला तिने खांदा वळवला.

मी ओरडले, "दिशा फाऊल!"

ती जागच्या जागी थिजली. मैदानावरच्या पोरी खिदळल्या. मंजू मात्र हसली नाही. आपल्या खांद्याकडे बघत उभी राहिली. खो-खोत हे पहिल्या दिवशी शिकवतात: पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे फिरायचं नाही, खांदासुद्धा वळवायचा नाही.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "खो-खोत थांबलं तर फाऊल नसतो. वळलं तर असतो."

"मग तेच सांगतेय ना मी केव्हापासून! थांबणं आणि वळणं एक नाही. वळलाय का, हे पुढचा तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही."

आयुष्य म्हणजे गणित वगैरे बोलणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग आहे. सत्काराच्या भाषणांत फार असतात तसले. पण त्या संध्याकाळी रिक्षातून परत येताना ती पूर्ण वेळ आपला खांदा चाचपत होती.

परीक्षा झाली. मे महिन्याच्या भर उन्हात निकाल लागला. बाकीचे सगळे विषय सुटले, गणितात गेली. आणि कशामुळे गेली? तर प्रत्येक गणितात प्रत्येक तुकडा दोन-दोनदा तपासत बसली, निम्मा पेपर कोराच राहिला. मला हसावं का रडावं कळेना.

बाबूजींनी घरात सांगून टाकलं, "झालं ना समाधान? आता मागे फिरा, बहू." मुख्याध्यापिकांनी निरोप दिला की पुरवणी परीक्षा असते ती द्या, तोवर हौसेने येत जा, पण कागदावर नाव नाही. मधल्या काळात दुसरी कोणी बारावी झालेली मिळाली तर मला तिला घ्यावं लागेल. बरोबरच होतं त्यांचं. शिरपूरकडची एक मुलगी येऊन विचारून गेल्याचंही कानावर आलं.

मंजू बरेच दिवस आली नाही. मी रोज दुपारी सतरंजी अंथरायची आणि संध्याकाळी गुंडाळायची. आमचे हे म्हणाले, "सोड आता. संसारी बाई आहे ती, किती धावेल?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. फोन करायला हात जायचा, पण काय म्हणणार? माझ्याच हट्टाने तिने घेतलं असतं गणित तर गोष्ट वेगळी. घेतलं तिने, सोडायचं तर तिनेच सोडायचं. पण आतून मला फार वाईट वाटत होतं. दुपारी तो कण दिसायचा, रेघेवर उभा, हलतच नव्हता.

मग एका दुपारी बेल वाजली. मंजू. हातात पिशवी, पिशवीत पुस्तक आणि एक कुकरची शिट्टी.

"हे काय?"

"घरी सराव करते ना, कुकर लावून. तीन शिट्ट्यांत एक गणित. डाळ शिजायच्या आत झालं पाहिजे. आज बाबूजी म्हणाले, घरात शिट्ट्यांनी डोकं उठलं. म्हणून शिट्टीच काढून घेऊन आले." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मीही रडले, आपण कशाला खोटं बोला.

"बाबूजींना काय सांगितलंस?"

"काही नाही. ते म्हणाले मागे फिर. मी म्हटलं, बाबूजी, थांबलेय थोडी."

पुरवणीचा पेपर तिने वेळेत पूर्ण केला. निकालाच्या दिवशी मला फोन आला तो तिचा नाही, बाबूजींचा. "मॅडम, बहू पास झाली," ते म्हणाले. "शाळेत गेलीय दाखवायला. शिरपूरची पोर अजून ठरली नव्हती म्हणे. तुम्ही मैदानावर याल का संध्याकाळी? तिने मलाही बोलावलंय. कशाला ते माहीत नाही."

मला माहीत होतं कशाला. मी चांगली इस्त्रीची साडी नेसले.

पोरी फक्की घेऊन तयारच होत्या. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. मधल्या पाटीच्या बाजूने एक लांब रेघ मारलेली, एका खांबापासून निघून दुसऱ्या खांबाला भिडलेली. मंजूने मला गणित दाखवलं. आमचा जुना कण तीन सेकंदांत शून्यापासून पावणेसातपर्यंत पोहोचतो आणि तिथे थांबतो. पावणेसात, म्हणजे सातव्या चौकोनाच्या जरा अलीकडे, तिने फक्कीची मोठी फुली काढली होती. "इथवर मी जाऊन आलेय, मॅडम," ती म्हणाली. "ह्याच्या पुढचं राहिलं होतं."

आभाळ तांबूस झालं होतं. कुठूनशी धूळ उडून मैदानावर तरंगत होती आणि सगळं कसं लांबचं, पाण्याखालचं वाटत होतं. तेवढ्यात बाबूजी फाटकातून आत आले. धोतर सावरत, पोरींच्या गर्दीतून वाट काढत, सगळं नीट दिसावं म्हणून रेघेवरच येऊन उभे राहिले. त्यांना काय ठाऊक, बिचाऱ्यांना. नेमके फुलीवर उभे.

मंजूने चपला काढल्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, खांद्यावरून कंबरेला खोचला गेला. बाबूजींनी ते बघितलं. ती शून्याच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. मी टाळी वाजवली. एक. ती निघाली, झपझप. दोन. पाय मंदावले. तीन. ती फुलीशी आली आणि थांबली. समोर बाबूजी. दोघांत हातभराचं अंतर.

पोरी सगळ्या खो-खोच्याच, एकीचं इकडे तर दुसरीचं तिकडे. त्या एका आवाजात ओरडल्या, "मागे! बाई, आता मागे!"

मंजूचा खांदा तसूभरही हलला नाही. माझे हात टाळीसाठी वर उचललेले तसेच राहिले. मला फळा दिसत होता, त्यावरचा चार दिसत होता, आणि मी मनात तो सूत्रात घालत होते. चारचा घन चौसष्ट. उणे शहाण्णव. अधिक छत्तीस. चार. पुन्हा चारच, आणि अधिक.

बाबूजी गोंधळून तिच्याकडे बघत म्हणाले, "कुठे जायचंय, बहू?"

"पुढे," ती म्हणाली. मग अगदी मऊ आवाजात, घरात ताट वाढताना बोलावं तशी, "बाबूजी, जरा बाजूला सरकता? तुम्ही माझ्या वाटेत उभे आहात. तेव्हाही तुम्हीच आला होतात."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी खाली पायाशी बघितलं, फक्कीने पांढरे झालेले जोडे बघितले, आणि ते बाजूला सरकले.

मी चौथी टाळी वाजवली.